उरलेला रस्ता

"कृपया आपल्या घराचा रस्ता सांगा," छतातून आवाज आला.

टेबलावर झोपवलेल्या आजोबांनी आधी छताकडे पाहिलं, मग भिंतीकडे, आणि मग भोवती उभ्या असलेल्या हिरव्या झग्यातल्या माणसांकडे. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कोण बोललं ते कळायला मार्ग नव्हता.

"कोण बोल्लं?"

"यंत्र आहे बाबा ते," सिस्टर कृपा साळवे म्हणाली. "तुम्ही सांगा. स्टँडवर उतरलं की तुमच्या घरी कसं यायचं?"

"माझ्या घरी? आन् यंत्राला कशाला यायचंय माझ्या घरी? घर बंद हाय. चावी शेजारी ठिवलीय."

डॉ. तन्मयी मास्कच्या आत हसली. भूल देणं हे तिचं काम. तिने शिरेत औषध सोडायला सुरुवात केली. समोरच्या पडद्यावर चाळीसपासून उलटे आकडे पळत होते, कारण रस्ता सांगायला चाळीस सेकंद ठरलेले होते.

आजोबांना बहुधा चावीची काळजी लागून राहिली होती. तरी सांगू लागले. "स्टँडवरनं टाकळीच्या गाडीत बसायचं. फाट्याला उतरायचं. मंग कालवा लागतो. कालव्याच्या कडंकडंनं..."

पुढचं ओठांतच राहिलं. आकडा नऊवर होता. "धन्यवाद," छतातला आवाज म्हणाला, आणि पडद्यावर सातव्या पायरीपुढे हिरवी खूण उमटली.

कृपा हातमोजे घातलेले हात छातीशी धरून उभी होती. एकदा हात निर्जंतुक केले की शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंत कशालाही शिवायचं नसतं, त्यामुळे उभं राहण्याखेरीज दुसरं काही करता येत नाही. कालव्याच्या कडेकडेने, ती मनात म्हणाली, आणि पुढं? उरलेला रस्ता ऐकायची तिला वर्षानुवर्षांची सवय होती. कारण तो प्रश्न यंत्राचा नव्हताच. तो डॉ. हेमंत उपासनींचा होता. एकोणीस वर्षं ते ह्याच टेबलाच्या उशाला स्टूल घेऊन बसत, आणि त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं होतं.

श्रीरामपूरच्या गोदाकाठ हॉस्पिटलमध्ये, तिथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या ओटीत, हे यंत्र आलं त्याला साडेपाच वर्षं होऊन गेली. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं दोन ओळींचं आहे. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला 'चित्रगुप्त' म्हटलं आणि तेच चिकटलं. दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी कृपासुद्धा त्याला चित्रगुप्तच म्हणायची.

छताला आठ कॅमेरे. टेबलाच्या उशाला, पायथ्याला आणि दिव्याच्या दांड्यात मिळून बारा माईक. प्रत्येक ट्रेला आणि कात्रीला तांदळाच्या दाण्याएवढा एक टॅग. आता नुसतं चित्रण करून ठेवायचं तर ते किराणा दुकानातला कॅमेराही करतो. चित्रगुप्त जे बघतो त्याचा अर्थ लावतो. कुणाचे हात चालू आहेत, कुणाचे रिकामे आहेत, कोण कुणाची वाट बघतंय, हे तो टिपतो. सहा जण एकदम बोलत असले तरी प्रत्येकाचा आवाज गुंतलेल्या दोऱ्यासारखा सोडवून वेगळा करतो. सबंध शस्त्रक्रियेच्या तो पायऱ्या पाडतो, प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते मोजतो, आणि इतर हॉस्पिटलांतल्या लाखो पायऱ्यांशी ताडून महिन्याच्या शेवटी अहवाल देतो: तुमची मिनिटं इथे इथे सांडली.

आणि खोटं कशाला बोला, त्याने काम केलं. पहिल्याच महिन्यात त्याने दाखवून दिलं की एक साधी रबरी पट्टी बाहेरच्या कपाटात ठेवतात, आणि ती आणायला वॉर्डमामा दिवसातून अकरा वेळा बाहेर जातात. एकच ट्रे आणायला दोन सिस्टर दोन दिशांनी निघतात आणि दोघी रिकाम्या हाताने परत येतात. ते कपाट वीस वर्षं कृपाच्या डोळ्यांसमोर होतं आणि ते आत घ्यावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. एक शस्त्रक्रिया संपून दुसरी सुरू व्हायला पन्नास मिनिटं लागायची, ती सव्वीसवर आली. दिवसाला सहा व्हायच्या त्या नऊ झाल्या. हर्नियाच्या माणसाला पाच महिने थांबावं लागे, तो दीड महिन्यात मोकळा होऊन कामाला लागू लागला. कृपा यंत्राच्या विरुद्ध कधीच नव्हती.

सुरुवातीला मात्र सगळे धास्तावले. बोललेला शब्द न् शब्द उतरतोय म्हटल्यावर ओटीत चिडीचूप. शेवटी कर्मचाऱ्यांनी अट घातली आणि ती मान्य झाली. नोंद कुणीही बघितली तरी डॉक्टर-सिस्टरांचे चेहरे पुसट दिसायचे आणि आवाज बदललेले ऐकू यायचे. सगळ्यांना मिळून एकच आवाज, सपाट, ना बाईचा ना पुरुषाचा. खरा आवाज कुलपात. आणि पाच वर्षं झाली की मूळ नोंद पुसून टाकायची, फक्त आकडे ठेवायचे.

तर डॉ. उपासनी. भूल देण्याआधी ते माणसाच्या कपाळावर हात ठेवायचे आणि विचारायचे, "हं, स्टँडवर उतरलोय मी. आता तुमच्याकडं चहाला यायचं तर कसं यायचं?"

भीतीने लाकूड झालेला माणूस हळूहळू सैल व्हायचा. आपल्या घराचा रस्ता सांगताना कुणाचाही आवाज बदलतो. कुणी मारुतीच्या देवळापर्यंत पोचायचा, कुणी दूध डेअरीपर्यंत. घरापर्यंत कुणीच पोचायचा नाही, त्याआधीच झोप यायची. मग शस्त्रक्रिया संपायची, टेबलावरच माणूस डोळे उघडायचा, आणि डॉक्टर वाकून म्हणायचे, "डेअरीपर्यंत आलो होतो. पुढं?"

आणि तो जड जिभेने सांगायचा, "डावीकडं वळा. पत्र्याचं घर." उरलेला रस्ता नीट सांगितला म्हणजे माणूस सगळाच्या सगळा परत आला. मग डॉक्टर मान हलवायचे आणि स्ट्रेचर बाहेर जायचा.

चित्रगुप्ताच्या पहिल्या अहवालात ह्याची नोंद होती. 'रुग्णाशी असंबद्ध संभाषण, सरासरी तीन मिनिटे चाळीस सेकंद. शिफारस: वगळावे.' डॉक्टरांनी ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं.

"तीन चाळीस? मला वाटायचं पाच तरी लागत असतील. बराच तत्पर निघालो की मी!"

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टँडवर उतरले. त्यांच्या नावापुढचा रकाना चार वर्षं दर महिन्याला लाल यायचा. ते त्याला कुंकू म्हणायचे.

त्या तीन मिनिटं चाळीस सेकंदांत कृपा समोर हात छातीशी धरून उभी असायची. तिच्या नावापुढेही नोंद व्हायची, 'हात रिकामे'. अर्ध्या तालुक्याचे रस्ते तिला अशा रिकाम्या हातांनी पाठ झाले होते. त्या वेळेत तिला दुसरं काही करता यायचं नाही, आणि करायचंही नसायचं.

कृपाचा त्यांच्यावर जीव होता. हे वाक्य ती स्वतःशी म्हणाली ते मात्र ते गेल्यावर. त्यांची बायको फार लवकर वारली होती, मुलगी पुण्याला. कृपाने दोन भावांची शिक्षणं आणि लग्नं उरकली तोवर चाळिशी उलटली होती. अडचण म्हणावी अशी कुठलीच नव्हती. घरचे, समाज, चर्च, ह्या वयात कोण विचारायला येणार होतं? पण दोघांच्या जिभांना 'डॉक्टर' आणि 'सिस्टर' एवढंच वळण पडलं होतं, आणि पहिलं वाक्य समोरच्याने बोलावं म्हणून दोघंही थांबले. कोण कुणाची वाट बघतंय हे टिपणाऱ्या चित्रगुप्ताने एवढं मात्र कुठल्याही अहवालात घातलं नाही.

घरी ती एकटीच. दारात शेवगा होता आणि शेजारच्या शेळीला त्याचा पाला फार आवडायचा. फाटकाची कडी वाजली की कृपा हातातलं टाकून बाहेर यायची. कधी शेळी असायची, कधी कुणीच नसायचं.

पाच वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कृपाच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया आपल्याच ओटीत. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या टेबलावर आडवी झाली, आणि पहिल्यांदाच तिने डॉक्टरांचा चेहरा उलटा, खालून पाहिला. कपाळावर हात आला.

"हं सिस्टर, स्टँडवर उतरलोय. बोला."

आवाज जरा घोगरा, नुकतंच उठल्यासारखा. तिने सांगायला सुरुवात केली. पिठाच्या गिरणीपर्यंत आल्याचं तिला आठवत होतं, त्यापुढे काही नाही.

शुद्ध आली तेव्हा ते वाकलेले होते. कृपा 'पुढं?'ची वाट बघत होती. जिभेवर उत्तर तयार होतं. डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं सिस्टर. छान झालं." आणि सरळ झाले.

बस्स, एवढंच. वॉर्डात तीन दिवस ती त्याच एका गोष्टीभोवती घुटमळत राहिली. साखर कारखान्याच्या कामगारांना विचारतात, सरपंचाच्या आईला विचारतात, पोलिसांनी बेड्यांसकट आणलेल्या चोरालासुद्धा विचारलं होतं. मग मलाच का नाही? घरचंच माणूस म्हणून सोडलं? की माझ्या घरी यायचंच नाही, म्हणून उरलेला रस्ता नको? ह्यातलं दुसरंच खरं, असं तिने धरून चालायला सुरुवात केली. तिला राग आला, मग रागाचीही लाज वाटली. पोटावरची जखम आठवड्यात भरली. ही आत तशीच राहिली, आणि अभिमान आडवा आल्यामुळे तिने त्यांना कधी विचारलं नाही. पुढं एका रविवारी सकाळी, हातात वर्तमानपत्र असताना, डॉक्टरांचं हृदय थांबलं.

त्यांच्या जागी डॉ. तन्मयी आली. हुशार, चटपटीत, मनाने चांगली. प्रश्न यंत्राने वगळायला सांगितलेला होता, तिने वगळला. दोनतीन महिन्यांत एक विचित्रच गोष्ट घडू लागली. ओटीबाहेरची रिकव्हरीची खोली तुंबायला लागली. म्हातारी माणसं उठताना हातपाय झाडायची, सलाइन ओढायची, "मला कुठं आणलंय" म्हणून रडायची. रिकव्हरीत खाट रिकामी नाही म्हणून आतला रुग्ण टेबलावरच अडकायचा. चित्रगुप्ताला ह्याचा पत्ता नव्हता. त्याचे डोळे ओटीच्या दारापाशी संपत होते, रिकव्हरी त्याच्या हिशेबी परक्या गावात होती.

रिकव्हरीचं रजिस्टर मात्र कृपाच्या ताब्यात होतं. जाडजूड, हाताने लिहिलेलं, कोण कधी आलं आणि कधी वॉर्डात गेलं. ते तिने बैठकीत नेऊन टेबलावर ठेवलं. तन्मयीने स्वतः दोन दिवस बसून त्यातली वर्षं यंत्रात भरली. यंत्राने जुन्या नोंदींशी ती ताडली आणि सांगितलं, ज्यांना रस्ता विचारला होता ते सरासरी एकोणीस मिनिटं आधी शांतपणे बाहेर पडले होते.

"असं का होत असेल?" कृपाने तन्मयीला विचारलं.

"रस्ता आठवताना मेंदू जागांची एक साखळी जोडत जातो, सिस्टर. ती अर्धी हातात धरून माणूस झोपला, तर उठताना बहुतेक तीच धरून वर येतो. असं दिसतंय खरं. नक्की का, ते अजून कुणालाच माहीत नाही."

तर प्रश्न परत आला. सातवी पायरी म्हणून, चाळीस सेकंदांचा, यंत्राच्या त्याच सपाट आवाजात. उठल्यावर तोच आवाज सांगे, "कृपया उर्वरित रस्ता सांगा." वर्षभरात तो नऊ हॉस्पिटलांत गेला.

"सरांचा प्रश्न आता नऊ ठिकाणी विचारतात," तन्मयीने आनंदाने सांगितलं.

"फार चांगलं झालं," कृपा म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तिने आतून कडी लावली आणि पोटभर रडून घेतलं. कारण त्या सपाट आवाजाने एक काम परस्परच करून टाकलं होतं. दिवसातून नऊ वेळा तोच ऐकून ऐकून, आता डॉक्टर आठवायला गेलं तरी प्रश्न त्या सपाट आवाजातच आठवायचा. शब्द शिल्लक होते, घोगरेपणा निसटत चालला होता. माणूस गेला ते तिने सोसलं होतं. त्याचा आवाजही जातोय हे तिला सोसवेना.

आणि गेल्या आठवड्यात ह्या सगळ्याचा छापील अहवाल हातात पडला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'प्रश्न विचारलेले व टेबलावर जागे झालेले रुग्ण २३१६. त्यांपैकी उर्वरित रस्ता विचारलेले २३१५. अपवाद १.' पुढे नोंदीचा क्रमांक, आणि तारीख अठरा नोव्हेंबर. कृपाची.

म्हणजे तो तिच्या मनाचा खेळ नव्हता. दोन हजार तीनशे सोळा माणसांत तिला एकटीलाच विचारलं नव्हतं. आणि येत्या अठरा तारखेला पाच वर्षं पुरी होऊन ती नोंद पुसली जाणार होती. कालव्याकाठच्या आजोबांची शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी सोळा तारीख होती.

ड्युटी संपल्यावर कृपा अभिलेख विभागात गेली. तिथल्या प्रमुख फरीदा शेख. दोघींनी एकोणीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला.

"स्वतःची नोंद बघायचा हक्कच आहे तुला," फरीदा म्हणाली. "अर्ज दे, उद्या दुपारी लावते. पण आवाज डॉक्टरांचा नसणार, बरं का. तोच आपला सपाट."

"माहीत आहे."

"माहीत आहे, तर मग तोंड का पाडलंस?"

कृपा खुर्चीत बसली. "फरीदा, मला त्यांचा आवाज ऐकायचाय गं. एकदाच. विसरायला लागलेय मी."

फरीदाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण डबा खाताना कुणाचं नाव निघालं की कृपाच्या गप्पा रंगतात, हे ती इतकी वर्षं बघत होती.

"एक उपाय आहे," ती सावकाश म्हणाली. "तक्रार. रुग्णाने लेखी तक्रार केली की कुलूप निघतं. खरा चेहरा, खरा आवाज. समितीपुढं तुला बसवून सगळं ऐकवावं लागतं त्यांना."

"कुणाविरुद्ध तक्रार?"

"कुणाविरुद्ध म्हणजे? ज्याचा आवाज पाहिजे त्याच्याविरुद्ध." फरीदाने पडदा तिच्याकडे वळवला. "कारणही शोधायला नको. तुझ्या नोंदीत लाल खूण आहेच. भूल चढल्यावर दोन मिनिटं दहा सेकंद काहीच केलेलं नाही. 'विनाकारण विलंब.' पाच मिनिटांत दाखल होईल बघ तक्रार."

फरीदाने फॉर्म उघडून दिला आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेली. कृपाने भरायला घेतला. रुग्णाचं नाव. तारीख. तक्रार कुणाविरुद्ध: डॉ. हेमंत उपासनी. ते नाव तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि ते लिहायला जागा मिळाली ती ही. तक्रारीचं स्वरूप: निष्काळजीपणा. खाली एक ओळ होती. 'ही तक्रार संबंधिताच्या नावापुढे कायम नोंदली जाईल.'

एक बटण दाबलं की परवाच्या आत आवाज. "हं सिस्टर, स्टँडवर उतरलोय. बोला." तो घोगरेपणा कानात साठवून घ्यायचा आणि मग मरेपर्यंत पुरवायचा. गेलेल्या माणसाचं नोंदीने काय बिघडणार? कोण वाचणार आहे? ती स्वतःला बराच वेळ पटवत राहिली, आणि जवळजवळ पटलंही होतं.

मग तिला ते बैठकीत अहवाल वाचताना आठवले, कुंकू म्हणून हसताना. चार वर्षं त्यांनी तो लाल रकाना मिरवला होता, कारण त्यांच्या लेखी ती चूकच नव्हती. त्यात खरी चूक म्हणून पहिला डाग लावायचा, आणि तो तिने?

फरीदा पाणी घेऊन आली तेव्हा फॉर्म पुन्हा कोरा होता.

"साधाच अर्ज दे," कृपा म्हणाली.

"नीट विचार कर. परवा पुसलं की मग कुणाच्याच हातात नाही."

"दे गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी फरीदाने दार लोटून घेतलं आणि नोंद लावली.

ओटी वरून दिसत होती. टेबलावर पाच वर्षांपूर्वीची कृपा, हिरव्या चादरीत, घाबरलेली. रुग्णाचा चेहरा आणि आवाज झाकत नाहीत. उशाला स्टुलावर एक पुसट आकृती. चेहऱ्याच्या जागी धुकं, पण डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा खाली. कृपाने तो लगेच ओळखला.

"हं सिस्टर. स्टँडवर उतरलोय. बोला," सपाट आवाज म्हणाला.

"स्टँडवरून सरळ या," पडद्यावरची कृपा म्हणाली. स्वतःचा इतका लाजरा आवाज ऐकून तिला कसंसंच झालं. "मग गिरणी लागते. पिठाची. तिथून उजवीकडे. मग पाण्याची टाकी. टाकीपासून..."

वाक्य तिथेच तुटलं, डोळे मिटले. आकृतीने पुढचं औषध दिलं, नळी बसवली, आकडे पाहिले. सगळं नीट. सर्जन काचेपलीकडे हात धूत होते, दुसरी सिस्टर काहीतरी आणायला बाहेर गेलेली. पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं उमटली, 'विनाकारण विलंब', आणि सेकंद पळू लागले. आकृती खाली वाकली, तिच्या कानापाशी. शेजारी उभ्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. पण उशाचा माईक श्वाससुद्धा टिपतो.

"टाकीपासून डावीकडे," सपाट आवाज म्हणाला. "तिसरं घर. दारात शेवगा. हिरवं फाटक."

सेकंद पळत होते.

"फाटकाची कडी वाजते. दोनदा हात लावला, दोनदा वाजली, दोनदा परत फिरलो. बाहेर आली असतीस तर काय सांगणार होतो? चहाला आलो म्हणून?"

आकृती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. एक मिनिट पन्नास. एक मिनिट पंचावन्न.

"उठल्यावर तुला विचारणार नाही, कृपा. मला माहीत आहे पुढचं."

मग ती सरळ झाली. काचेचं दार उघडून सर्जन आत आले. "चला, सुरू करा," सपाट आवाज म्हणाला. तो डॉक्टरांचा होता की सर्जनचा, हेसुद्धा कळलं नाही.

फरीदाने नोंद थांबवली. "परत लावू?"

कृपाने मान हलवली. तिने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तरी त्या सपाटपणाखालून घोगरा आवाज येईल, अशी तिला वेडी आशा होती. आला नाही. एकोणीस वर्षांत एकदा त्यांनी तिला नावाने हाक मारली होती, आणि ती तिला मिळाली ती ही अशी.

"झोपल्यावर कसलं सांगतो माणूस!" ती एकदम चिडून म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "जागी असताना सांगायला काय झालं होतं?"

"आणि तुला काय झालं होतं?" फरीदा म्हणाली.

फरीदाने तिचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. पडद्यावर एक पाटी होती: 'ही नोंद उद्या सकाळी काढून टाकली जाईल.'

संध्याकाळी हॉस्पिटलची बस तिला रोजच्यासारखी गल्लीच्या तोंडाशी सोडणार होती. ती आधीच, स्टँडवर उतरली. नवख्या माणसासारखी सरळ चालत निघाली. गिरणी बंद व्हायच्या बेतात होती. उजवीकडे वळली. टाकी आली. टाकीपासून डावीकडे, पहिलं घर, दुसरं, तिसरं. शेवग्याला शेंगा लागल्या होत्या. फाटकाचा हिरवा रंग पोपडे येऊन उडाला होता. वाजू नये म्हणून कडीत घालायला आणलेली तेलाची बाटली दोन महिने फाटकालगतच्या कठड्यावर तशीच पडून होती. ती तिने उचलून शेवग्याच्या बुंध्याशी रिकामी केली.

मग फाटकाबाहेर उभी राहून तिने कडीला हात लावला. कडी वाजली, चांगली खणखणीत. कृपा परत फिरली नाही. त्यांनी थांबायला हवं होतं तेवढा वेळ ती तिथे थांबली. पण आता हातातलं टाकून बाहेर यायला आत कुणी नव्हतं.